धडधाकट हातावरच्या कामट्या

मी बुरुलकान असानोवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार नारीन, धंदा मोडलेली हाडे बसवण्याचा, आज स्वखुशीने आणि कुणाच्या दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. भोचकपणा तर वाढलाच आहे.

कलम १. नदीकाठचे घर माझी मुलगी आइझान हिला. शेजारच्या कासिमने कुंपण हातभर आत सरकवले आहे. ती हातभर जमीनही तिलाच, कासिमशी भांडण्याच्या हक्कासकट.

कलम २. बँकेतली शिल्लक मी गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी. त्यासाठी माझी घोडी कापू नये. तिचे कलम ४ मध्ये पाहावे.

कलम ३. माझ्या कामट्या, पट्ट्या आणि मलमाचे डबे आमच्या घोडेस्वारांच्या तुलपार संघाचा कप्तान नुरगाझी याला. तो हाडवैद्य नाही. पण त्यांतल्या दोन कामट्यांवर त्याचा हक्क आहे.

आमच्याकडे घोड्यांवरून बकऱ्याचे धूड हिसकावण्याच्या खेळात कुणाचा पाय मोडला, की अख्खा संघ कुमिस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, नि मटण घेऊन समाचाराला जातो. नुरगाझी विशीत असताना भर खेळात त्याची घोडी त्याच्याखालीच मेली. त्याला ओरखडाही आला नाही, म्हणून कुणी फिरकले नाही. तो जेवेना, अंगणातही येईना. मी चौकशीला गेले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “आपा, सकाळ होऊच नये असं वाटतं.” मी घाबरले. मोडलेले हाड हाताला लागते, हे कुठे चाचपायचे?

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन गेले.

“आपा, माझा हात चांगला आहे.”

“आहे ना. गप बस आणि पुढे कर.”

कामट्या बांधल्या आणि बाजारात सांगून टाकले की नुरगाझी पडला, हात मोडला. संध्याकाळी त्याच्या अंगणात घोडे बांधायला जागा उरली नाही. संघाचा चिटणीस ओर्मोन दारातूनच म्हणाला, “काय रे, घोडीवरून पडलास की गादीवरून?” नुरगाझी हसला. मग रडला. ते बसून राहिले, रोज येत राहिले, आणि बर्फ वितळल्यावर ओर्मोनच्याच घोडीवर तो पुन्हा बसला. हात मोडला नव्हता, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. एवढ्या जाणत्या घोडेस्वारांना यायला कामट्या का लागाव्यात, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

कलम ४. माझी करडी घोडी तुलपार संघाला, एका अटीवर. संघातला सागिन हिवाळ्यापासून मैदानावर आलेला नाही. त्याचे काहीही मोडलेले नाही. माझ्याने आता त्याच्या घराच्या चढावर जाववत नाही. संघाने त्याच्याकडे जावे, बसावे, पुन्हा जावे. न गेल्यास घोडी कासिमला द्यावी; म्हणजे संघाला कायमची लाज वाटेल.

नारीन, ११ मे २०२२
सही: बुरुलकान असानोवा

साक्षीदार १: चोल्पोन तुर्दुबायेवा, शिक्षिका. आपांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: ओर्मोन जाकिपोव, चिटणीस, तुलपार संघ. सही माझ्यासमोर झाली. आपा, पहिल्याच संध्याकाळी नुरगाझीने त्याच कामट्या बांधलेल्या हाताने मला कुमिस ओतून दिला होता. आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. जायचे मनात होतेच, पण काय म्हणून जावे ते कळत नव्हते. सागिनकडे उद्या निघतो आहोत. घोडी तुमच्याकडेच राहू द्या, तुम्हालाही तिच्यावरूनच नेऊ.