तो दुसऱ्या दिवशीही कामावर आला

तीर्थरूप बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. शिलाई कारखान्यात आता बारा मशिनी माझ्या हाताखाली आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? आईला विचारलं की ती विषय बदलते.

इथे एक गंमत झाली. आमचा इस्त्रीवाला रोज उशिरा यायचा. गेल्या सोमवारी माझं डोकं फिरलं आणि मी अगदी तुमच्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." दुसऱ्या दिवशी स्वारी हजर, आणि निवांत इस्त्री तापवतेय. मला वाटलं, काय कोडगा माणूस आहे.

मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "या देशात तोंडी काढलेलं धरत नाहीत. महिनाभर आधी कारण लिहून द्यावं लागतं. आणि त्याच्याही आधी माणसाला समोर बसवून त्याचं ऐकून घ्यायचं, असा कायदाच आहे."

मग बसवलं त्याला. त्याची बायको अंथरुणाला खिळलीय, तिचं सगळं आवरून तो निघतो. आता तो तासभर उशिरा येतो आणि तासभर उशिरा जातो. कॉलर मात्र त्याच्यासारखी कुणाची बसत नाही.

बाबा, आपल्या टेलरिंगच्या दुकानातले कटरकाकाही उशिरा यायचे. त्यांना तुम्ही हेच वाक्य ऐकवलं होतं. ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी तिथेच बटणं निवडत बसले होते, मीही काही विचारलं नाही.

गुडघा जरा बरा झाला की त्यांच्याकडे जाऊन या. उशीर का व्हायचा, तेवढं विचारा.

तुमची,
धाकटी