कटांगाचा शेवटचा कागद

२ मार्च
बाबांना जाऊन दहा महिने झाले. आज त्यांचा ड्रॉवर उघडला. ट्रेसिंग पेपरची गुंडाळी निघाली. तरुणपणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर काँगोत होते, नकाशे काढायला. तेव्हापासून कटांगा प्रांतात काही बदललं की नवा कागद. आधी तुकडे, मग पुन्हा एक. मग नाव शाबा, नंतर परत कटांगा. शेवटचा कागद, प्रांत मोडून चार केले तो, अर्धाच.

३ मार्च
कासोंगोला फोन. बाबांना डायलिसिसला नेणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर, तिकडचाच. तुझं गाव आता कुठल्या प्रांतात येतं ते काढून देतो, असं बाबांनी त्याला कबूल केलं होतं. म्हणाला, राहू दे मॅडम, पापाच गेले. बाबांना तो पापा म्हणे. राहू देणार नाही. वर्षश्राद्धाआधी द्यायचा.

९ मार्च
इरा म्हणाली, "आई, जस्ट प्रिंट इट अँड ट्रेस." तसंच केलं, नेटवरचा नवा नकाशा छापून. नव्या हद्दी थेट शाईत. बाबांच्या कागदांवर ठेवून पाहिलं तर नदी बोटभर सरकलेली. प्रिंटरने पानात बसवायला नकाशा लहान केला होता. आणि मी इंजिनिअर. फाडला. कोणाला बोलले नाही.

१५ मार्च
प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांत टाचणीची भोकं आहेत, तीन. लहानपणी मी मध्ये हात घातला की बाबा म्हणत, "आधी टाचण्या, मग शहाणपण." कोरा कागद घेतला, भोकांवर भोकं ठेवून सगळे टाचले. मग प्रिंट थोडा थोडा मोठा करत गेले. अकराव्या वेळी नदी नदीवर बसली.

२३ मार्च
हद्दी झाल्या. एक जागा सोडून. कासोंगोच्या गावाचा ठिपका, बाबांनी पेन्सिलने केलेला, बरोबर नव्या रेघेखाली येतो. नकाशाच्या मापाने माझ्या पेनाची रेघच दोन किलोमीटर जाड.
कासोंगो संध्याकाळी येऊन गेला. चहा गार होईपर्यंत वाकून बघत होता. मग म्हणाला, "आईला विचारतो. ती तिथेच आहे, हललेली नाही."

३० मार्च
कासोंगोचा फोन. आईने सांगितलं, मतं मागायला दोन्हीकडचे लोक येतात. सांगताना हसत होता.
ठिपक्याच्या अलीकडे रेघ थांबवली, पलीकडून पुन्हा सुरू केली. इरा म्हणते, इट्स नॉट डन.
माहीत आहे. श्राद्धाला पाच आठवडे आहेत. टाचण्या काढलेल्या नाहीत.