हाक बंद केली तेव्हापासून

३ नोव्हें., सोम.
म्हणे बोलण्यात वेळ वाया जातो. चौदा वर्षं मुलुंडच्या या औषधांच्या गोडाऊनमध्ये उभी आहे, बोलल्यामुळे कधी माल चुकला नाही. जोडीदारीण शैला बिल वाचणार, "साखरेची एकची, दहा." म्हणजे डायबिटीसची एक मिलिग्रॅमची गोळी, दहा डबे. मी डबे उचलून परत म्हणणार, "एकची, दहा." मगच खोक्यात. याला आम्ही हाक म्हणतो. तर कंपनीने घड्याळवाला साहेब आणला. तीन दिवस घड्याळ धरून आमच्या पाठीमागे उभा. एका खोक्याला दोन बायका कशाला? आजपासून एक टेबल, एक बाई. हाक बंद.

सुपरवायझर गावडेला म्हटलं, "साहेब, चुकलं तर?"
"चुकणारच नाही असं बसवलंय, मावशी."
बसवलंय. गणपती आहे काय.

६ नोव्हें., गुरु.
रॅक बदलले. जास्त खपणारं हाताशी. साखरेची एकची आणि चारची आता शेजारी-शेजारी, दोन्ही डबे हिरवे, आकडा मुंगीएवढा. आधी चारची पार वरच्या फळीवर होती. आम्हीच ठेवलेली, मुद्दाम. विचारलं कोणी?
भिंतीवर सगळ्यांची नावं. वेळेत झालं तर हिरवी टिकली, नाहीतर लाल. माझी हिरवी. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१२ नोव्हें., बुध.
शैला पलीकडच्या टेबलावरून, "एकदा बघ गं, एकचीच आहे ना?" चष्मा जुना झालाय तिचा. मी मान वर केली नाही. म्हटलं, "तुझं तू बघ, माझी लाल पडेल."
तिने खोकं बंद करून सही केली.

१९ नोव्हें., बुध.
भांडुपच्या दुकानात एकचीच्या बिलावर चारची गेली. दुकानदाराने न बघता दिली. म्हातारी बाई, सकाळी गोळी घेतली नि ओट्यापाशी कोसळली. साखर पार खाली. आयसीयूत आहे. खोक्यावर शैलाची सही, तारीख बारा.
वहीचं मागचं पान उलटून बघितलं.

२१ नोव्हें., शुक्र.
मीटिंग. घड्याळवाल्याची पद्धत अशी, पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ सापडतं. चुकीचा माल का गेला? चुकीचा डबा उचलला. का उचलला? आकडा वाचला नाही. असं करत पाचव्याला आलं, शैला निष्काळजी. तिथे थांबले, कागद फाइलमध्ये.
शैला म्हणाली, "होय, हात माझाच." डोळ्यात टिपूस नाही. गावडे खाली बघत होता. मीपण.
तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

२३ नोव्हें., रवि.
विक्रोळीला शैलाकडे गेले. चहा दिला. बारा तारखेचं तिने काढलं नाही. काढलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.
निघताना घरच्या मालवणीत म्हणाली, "म्हातारेचा काय गो?"
"अजून तशीच."

२५ नोव्हें., मंगळ.
गोडाऊनमध्ये कामगारांनी सूचना लिहायचा फळा टांगलाय, आजवर कोरा. सकाळी कागद लावला. अक्षर वाईट, पण मोठं काढलं.
"बारा तारखेला शैलाने मला विचारलं होतं. लाल टिकलीच्या भीतीने मी बघितलं नाही. हेपण फाइलमध्ये घाला. आता सहावं का. हाक कोणी बंद केली, आणि का? त्याची सही कुठे आहे? इथेच खाली लिहा. शैलाला परत कधी घेणार तेपण. शनिवारपर्यंत." खाली माझं पूर्ण नाव.

गावडे धावत आला. "मावशी, काढा तो. तुमचीपण नोकरी जाईल."
"हात लावायचा नाही. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. तोंडी चालणार नाही."