दुबाव म्हणजे डाउट नव्हे

बाई,

तुम्हाला मी याआधी एकदाच पत्र लिहिलं होतं, दहावीत, ताप आला म्हणून रजा मागायला. तेही इंग्रजीत. त्यातल्या चुका काढून तुम्ही ते माझ्या हातात परत दिलंत आणि वर कपाळाला हात लावून ताप खरा आहे का तेही पाहिलंत. तो नेमका उतरला होता. कोणावर सहज विश्वास ठेवणं तुमच्या रक्तातच नव्हतं, माझ्याही नाही, म्हणून तर आपलं जमलं असावं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली! पण गेल्या महिन्यात मी एक इंग्रजी मेल लिहिला, आणि तो पाठवण्याआधी दाखवावा असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला आठवेना.

गोष्ट माझ्या भाचीची आहे. माझी बहीण इथून जवळच चोपड्याला दिलेली, तिची ही एकुलती एक मुलगी. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला लागली. जावई घाटावरचा, दिसायला नीटनेटका, बोलायला साखर. दर रविवारी आम्हाला तिचा व्हिडिओ कॉल येतो. 'कशी आहेस?' विचारलं की ती म्हणते, 'मी अगदी मजेत आहे, मावशी.' पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही पोर माझ्याशी जन्मात कधी असं पुस्तकी बोललेली नाही. 'मावशे, निस्तें कितें हाडलां गो?' असं ओरडत आणि मासळीचा वास घेत थेट चुलीपाशी येणारी ती. आमची बोली जावयाला कळत नाही, म्हणून तिने ती टाकली असणार, किंवा तिला टाकायला लावली असणार. मग मी नीट बघायला लागले. ती दोन्ही हातांनी कपड्यांच्या घड्या घालत असते, आणि तरी फोन हलत असतो. म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. एका रविवारी मी मुद्दाम विचारलं, 'फोन कोणें धरला गो?' तिने फोनच्या वर कुठेतरी पाहिलं, नेटवर्क नाही म्हणाली आणि कॉल बंद झाला.

बहिणीला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. 'तुका सगळ्यांचोच दुबाव येता गो. माझ्या चेडवाचो संसार मोडू नको.' तिचंही काय चुकलं? डिचोलीच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गळका नळ परत घेऊन येणाऱ्याला मी आधी घरी तो कोणी पिळला ते विचारते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. मुळगावात माझ्या शेजारणी मला वाटीभर साखर देतानासुद्धा 'घे, वजन करून बघ' म्हणतात. माझा संशय फुकटचा, रोजचा. आता एकदा त्याला किंमत यायला हवी होती तर कोणी विचारेना. मी गप्प बसले आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर? आणि बोलले, आणि सगळं माझ्याच डोक्यातलं निघालं तर? बहीण पुन्हा दार उघडणार नव्हती, आणि भाचीच्या सोन्यासारख्या संसारात मीच बिब्बा घातला असं झालं असतं.

शेवटी तिच्या वृद्धाश्रमाचा पत्ता शोधला आणि तिथल्या मुख्य बाईंना लिहिलं. 'आय डाउट दॅट हर हजबंड इज कीपिंग हर फोन.' तिचा फोन नवरा स्वतःकडे ठेवतो असा मला दुबाव आहे. सरळ वाक्य, सरळ अर्थ. उत्तर लगेच आलं, फार गोड. तसं काही नसावं असं तुम्हालाही वाटतं हे वाचून समाधान झालं, मुद्दाम कळवल्याबद्दल आभार, तुमची भाची आमची लाडकी आहे. मी ते वाचत राहिले. ही बाई वेड्यासारखं काय लिहिते? आणि मग एकदम नववीचा वर्ग डोळ्यांपुढे आला, बाई. माझी कंपासपेटी हरवली आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीने ती घेतली असं माझं ठाम मत आहे, आणि तुमचा हुकूम आहे की तक्रार करायची तर इंग्रजीत. मी उभी राहून म्हणते, 'आय डाउट शी टुक इट.' तुम्ही चष्मा खाली घेऊन त्या मुलीला म्हणता, 'हिला वाटतं तू घेतली नाहीस. थँक्यू म्हण तिला.' आणि ती मेली खरंच थँक्यू म्हणते! सगळा वर्ग हसतो. इंग्रजीतल्या माणसाला डाउट आला म्हणजे त्याला ती गोष्ट घडलेली वाटत नाही, आणि आपल्याला दुबाव आला म्हणजे ती घडलीच असं वाटतं, हे तुम्ही तेव्हा फळ्यावर लिहून दिलं होतंत. कंपासपेटी मला परत मिळालीच नाही.

त्यानंतरच तुम्ही मला शनिवारी आमोण्याला घरी बोलवायला लागलात. तुमचं स्वयंपाकघर आठवतं, खिडकीबाहेर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजतो आणि तुम्ही पाव घेऊन येता. लगेच खात नाही कोणी. एक उंडो, गोल पाव, माझ्यापुढे ठेवून तुम्ही विचारता, 'कालचो काय आजचो?' मी म्हणते, कालचा. 'चेपून पळयलें?' नाही. 'मग आय हॅव अ फीलिंग म्हण.' मी चेपून बघते, कड वातड लागते. 'आतां आय थिंक.' मग तुम्ही पुढे झुकता आणि आवाज खाली आणता. 'आणि पोदेरान पाव दिताना नदर चुकयली जाल्यार?' मी पुन्हा 'आय थिंक'च म्हणते. 'आय सस्पेक्ट! तातूंत पाव ना, मनीस आसता. कोणें तरी कितें तरी लिपयलां.' कोणीतरी काहीतरी लपवलं आहे असं वाटलं तरच तो शब्द वापरायचा. नुसतंच खटकतं, का ते कळत नाही, तेव्हा 'समथिंग डझन्ट फील राइट' म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. 'आय स्मेल अ रॅट', उंदराचा वास येतो, वगैरे संशयाचं पुस्तकातलं इंग्रजी मी एकदा बोलून दाखवलं, तर तुम्ही मला खरोखरच कोठीत उंदीर शोधायला पाठवलंत. मग तो पाव चहात बुडवून तुम्हीच खाल्लात, कालचा असला तरी.

दुसरा मेल मी दुकानात बसून लिहिला. गिऱ्हाईक येत होतं, मी त्यांना थांबायला सांगत होते. आधी पाहिलेलं सगळं लिहिलं: हात, घड्या, हलणारा फोन, बदललेली भाषा. त्याखाली, 'आय सस्पेक्ट ही इज कंट्रोलिंग हर.' पुढे लिहिलं, 'ही इज सस्पिशियस,' आणि अडकले. तो संशयी आहे, की त्याचा संशय येतो? इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. म्हणून मोडून लिहिलं: 'ही इज सस्पिशियस ऑफ हर, अँड आय अॅम सस्पिशियस ऑफ हिम.' वाक्य स्वच्छ उतरलं. पण मी ते पुन्हा वाचलं. त्याला आणि मला एकच विशेषण! तोही तिच्या चेहऱ्याकडे असाच टक लावून बघत असेल, ती कोणाशी बोलली, का हसली याचे धागे जोडत असेल, आणि त्यालाही आपलं मन कधी चुकत नाही असंच वाटत असेल. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? तुम्ही असतात तर विचारलं असतं. तुम्हीही सांगितलं नसतंत कदाचित, कारण तुम्हालाही तो प्रश्न आवडला नसता. मी घाबरून पाठवण्याचं बटण दाबलं.

त्या मुख्य बाईंनी भाचीला एकटीला खोलीत बसवून विचारलं. आधी ती नाही म्हणाली, मग सगळं सांगितलं. फोन, पासपोर्ट, सगळं त्याच्याकडे. हातही उचलायचा. आता ती दुसरीकडे राहते, तिथल्या लोकांनी सोय केली आहे. बहिणीला मी सांगितलं तेव्हा ती खाली बसली आणि कितीतरी वेळ पदराची गाठ सोडत बांधत राहिली. मला भाचीचा फोन आला तो कोणा मैत्रिणीच्या नंबरवरून. नुसतं रडणं, आणि मध्येच, 'मावशे, तुका कशें कळ्ळें गो?' मी हलणाऱ्या फोनचं सांगितलं. तेवढंच.

पण तुमच्यापाशी सांगते, कारण हे पत्र कुठे जाणार नाही. तिचं रडणं कानावर पडलं तेव्हा सगळ्यात आधी, वाईट वाटण्याच्याही आधी, मला आनंद झाला. माझंच खरं निघालं, असा. मेलच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'आय होप आय अॅम राँग.' तुम्ही ते वाक्य तपासलं असतंत तर एकही चूक सापडली नसती, बाई. फक्त ते खरं नव्हतं.