घोड्याच्या चित्राची मागची बाजू

मंगळवार, दिवेलागण

आज टीव्हीवरच्या मालिकेत एका जुन्या चित्राच्या मागच्या बाजूला जुन्या मालकांची नावं निघाली, पार खापरपणज्यापर्यंत. मी सहज म्हटलं, "मामंजी, आपल्या घोड्याच्या चित्रामागं बघू का?" सासऱ्यांनी टीव्हीच बंद केला. "आज्याच्या वक्तापासून ते कुणी हलवलं न्हाई. हात लावायचा न्हाई."

खरंच, दर दिवाळीला भिंतींना चुना देतानाही ते चित्र उतरवू देत नाहीत. स्वतःच त्याच्या कडेकडेनं कुंचला फिरवतात. का बरं? कुणाच्या घरातून आलंय ते?

आत्ता ते मारुतीला गेले आणि मी चित्र उतरवलंच. पाठीमागं, मालिकेतल्या चित्रावर नावं होती अगदी त्याच जागी, चुना फासलेला. बोट लावून पाहिलं. ओला होता. दिवाळीला अजून चार महिने आहेत.