तीन किकांच्या आत

२३ मार्च, रविवार
जयंती समितीची मीटिंग झाली. मिरवणुकीत पुढं चालणारी झेंड्याची गाडी यंदा कुणाची, हा विषय नागसेननं काढला. नागसेन हायस्कुलात मास्तर, यंदाचा अध्यक्ष. म्हणाला, "काका, तुमचं वय बाहत्तर. यंदा सेल्फची गाडी घेऊ. बटन दाबलं की काम खल्लास." मी म्हणालो, झेंडा बटनावर चालत नसतो. नागसेननं चहा मागवला. मुद्दा पटला असावा.

शेवटी ठरलं की नियम जुनाच. विहारासमोर मी किक मारायची, गावानं कन्नडमध्ये मोजायचं. ओंदु, एरडु, मूरु. तीनच्या आत चालू झाली तर झेंडा माझ्या बुलेटवर. नाही लागली तर दुसऱ्या गाडीवर, कायमचा. 'कायमचा' हा शब्द नागसेननं नवीन घातला.

१९९४ पासून दर जयंतीला माझी गाडी पहिल्या किकला लागली आहे. आमच्या गावात, मन्नाएखेळ्ळीत, मला दुसऱ्या कशासाठी कुणी ओळखत नाही. हे इथं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

२४ मार्च, पहाटे
संकल्प: रोज सराव. गोठ्यामागे, म्हणजे कुणी मोजणार नाही.
किक ९. लागली नाही. कारण थंडी. उन्हाळा आहे, पण इंजिनाला ते कुठं कळतं.

२६ मार्च
बसवंतप्पा मिस्त्री प्लग बदलायला आला. हायवेवर गॅरेज आहे त्याचं. न विचारता शिकवायला लागला. म्हणाला, "अण्णा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. ही डिकॉम्पची, म्हंजे इंजिनातला दाब सोडायची, बारकी दांडी दाबून किक हळू खाली न्या. हेडलाईटवरच्या मीटरचा काटा मध्यावर आला की थांबा. दांडी सोडा, किक वर येऊ द्या. मग एकच मारा, पार खालपर्यंत. पायात बूट पाहिजे, गुडघा ताठ नको. अर्धी मारली तर उलटी येती, मग हाड ऱ्हात न्हाई."

सगळं ऐकून घेतलं. पण मी बांधकाम खात्यात तीस वर्षं रोडरोलर चालवला. आठ टनांचं धूड माझं ऐकायचं. मशीनच्या विनवण्या करायच्या नसतात. काटा बघत बसणं हे घड्याळवाल्याचं काम. शिवाय तो काटा मला नीट दिसत नाही.

माझे नियम: १) जोर. २) ॲक्सिलरेटर भरपूर. ३) चप्पल चालते.

२९ मार्च
किक १७. गाडी स्टँडवरून सरकते म्हणून बायकोला, सुभद्राला, उजव्या बाजूनं धरायला सांगितलं. अकराव्याला किक उलटी आली आणि तिच्या नडगीवर बसली. चूक तिची. धर म्हणालो होतो, किकपाशी पाय ठेव म्हणालो नव्हतो. फार ओरडली. शेजारी जागे झाले असणार, म्हणजे माझा सराव फुटला. उरलेल्या सहा किका तिनं एका पायावर उभं राहून धरल्या. तक्रार केली नाही, पण तोंड वाकडं केलं होतं.
चहा नऊ वाजता मिळाला. या वयात माणसाचं कुणी नसतं.

२ एप्रिल
बसवंतप्पाशी वाजलं. गाडी लागत नाही कारण त्यानं प्लग बदलून खराब घातला, असं मी त्याला गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. स्पष्ट बोललेलं बरं असतं. तो लाल झाला. म्हणाला, "एकतीस वर्षं जयंतीच्या सकाळी तुमी आंघोळीला गेलाव की मी येऊन गाडी चालू करून गरम करून ठेवतो. गरम गाडी लेकरू बी चालू करतंय. सुभद्राअक्कानं सांगितलं म्हणून करायलो. जाऊन विचारा घरी."
गिऱ्हाइकं हसली.

घरी येऊन सुभद्राला विचारलं. ती पीठ मळत होती.  मी तीनदा विचारलं, ती तीनदा पीठ मळत राहिली. खरं असतं तर बोलली असती. म्हणजे मिस्त्री खोटारडा.
संकल्प: बसवंतप्पाला गाडीला हात लावू द्यायचा नाही.

६ एप्रिल
किक ४१. चोविसाव्याला 'फुट्' असा आवाज आला. ही गाडी लागल्यातच जमा. मनातून निर्धास्त झालो. गुडघा सुजला आहे. नडगी सुजली आहे, पण ती सुभद्राची.

९ एप्रिल
रात्री डुलका लागला की गाव 'मूरु' म्हणतं आणि मी दचकून उठतो. बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही. पेट्रोलमध्ये भेसळ असावी. दुपारी नागसेन दारावरून जाताना गाडीकडे दोनदा बघून गेला. कामून बघतो?

मुलाचा, राजपालचा, पुण्याहून फोन आला. म्हणाला, "दादा, देऊन टाका न्हाईतर नागसेनला मान, तुमचं हाड आता जुळायचं न्हाई." बाप मेल्यावर गाडी विकायचा याचा विचार दिसतो. फोन ठेवून दिला. मग तो आईशी अर्धा तास बोलला. माझ्याशी दीड मिनिट.

१३ एप्रिल
गाडीला साखळी घालून कुलूप लावलं. चावी करदोट्याला. उद्या कुणी चोरून गरम केली तर माझ्या एकतीस वर्षांवर डाग लागेल. गार गाडीवरच दाखवणार.
आज सराव नाही. इंजिनाला विश्रांती पाहिजे.

१४ एप्रिल, सकाळी
सुभद्रानं बसवंतप्पाला बोलावलं होतं. एवढं बोलूनही आला, लाज नाही. मी कुलूप दाखवलं. सुभद्रा म्हणाली, "कामून हट्ट करायलाव? एकदा गरम करू द्या की. कुणाला कळायलंय?" मी दोघांना बाहेर काढलं. तिला म्हणालो, बाईमाणसानं गाडीच्या कामात पडू नये. एकतीस वर्षांत तिला झेंड्याच्या गाडीवर मागे बसवलं नाही ते उगाच नाही.
पांढरा शर्ट, इस्त्री. नवी चप्पल. गाडी ढकलत निघतो.

१५ एप्रिल, हुमनाबाद, दवाखाना
उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.

विहारासमोर हजारभर माणूस. पहिली किक अंदाज घ्यायला मारली होती, तरी लोकांनी मोजली. दुसरी मारताना डीजेच्या आवाजानं लक्ष उडालं. तिसरीला गाव 'मूरु' म्हणालं, तरी गाडी लागली नाही. नागसेन जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, बास आता. उतरा." मी उतरलो नाही. पहिल्या दोन धरायच्या नाहीत, असं सांगितलं. मग मागची पोरं हसत मोजायला लागली. नाल्कु. ऐदु. आरु. सातव्यापासून बायकाही मोजत होत्या. अकराव्याला ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून, पाय ताठ करून मारली. अर्ध्यात चप्पल सटकली आणि किक उलटी आली.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्या कुणाला डीजेमुळे ऐकू आला नसेल. मी एका पायावर उड्या मारत ओरडत होतो. लोकांना वाटलं नाचायलोय. शिट्ट्या वाजवल्या. भोवती गोल करून नाचले. कुणीतरी माझ्या डोक्यावर निळा गुलाल टाकला. मी खाली पडेपर्यंत एक पूर्ण गाणं झालं.

मग मला ऑटोत घातलं. पाय बाहेर काढून, कारण आत मावत नव्हता. ऑटो वळवेपर्यंत दिसलं: बसवंतप्पा गर्दीतून आला. दोनदा रिकामी किक मारली, जास्तीचं पेट्रोल काढलं. दांडी दाबली, मीटरकडे बघितलं. मग एकच मारली, रागलोभ नसल्यासारखी. गाव ओरडलं, "ओंदु!"

झेंडा माझ्या बुलेटवर चढला. धरायला मागे कोण, तर सुभद्रा. लंगडत आली आणि बसली. जाताना ऑटोत डोकावून म्हणाली, "तुमी व्हा फुडं. मी मिरवणूक करून येते."

ती आज सकाळी आली. केसात गुलाल तसाच. भाकरी, पिठलं आणलं होतं. मी विचारलं, कशी झाली? म्हणाली, "लई चांगली. रात्री अकरापर्यंत चालली. एकदा बी बंद पडली न्हाई." मी भाकरीचा तुकडा मोडत, सहज विचारल्यासारखं विचारलं, लोकांनी माझी चौकशी केली असेल ना?

म्हणाली, "केली की. नागसेननं इचारलं, फुडल्या वर्षी काका गाडी देतेत का म्हणून."

मग तू काय म्हणालीस?

"देतेत म्हणले."