वज्रपंख, अंक नववा

४ मे, रविवार

सापडला! पोटमाळ्यावर, आईच्या जुन्या साड्यांखाली. 'वज्रपंख', अंक नववा, किंमत आठ रुपये.

आतिफने परवा फोनवर मागितला. त्याची आफरीन सात वर्षांची, पाय मोडून प्लास्टरमध्ये पडली आहे. "लहानपणी आपण वाचायचो ते पुस्तक असंल बघ तुज्याकडं. पोरगी लई कटाळलीया."

देण्याआधी एकदा वाचून काढला. शुद्धलेखनाच्या चौदा चुका! तेव्हा एकही दिसली नव्हती. वज्रपंख भिंत फोडून बँकेत शिरतो — शेजारी दार उघडंच आहे. ती भिंत आता कोण बांधून देणार? नायिका सात वेळा "वाचवा!" म्हणते, दुसरं काहीच म्हणत नाही. आमच्या फ्लेक्सच्या दुकानात तिला शुभेच्छुकांच्या रांगेतही कुणी घेतलं नसतं. एकटाच हसलो.

५ मे

काल खलनायकाकडे नीट बघितलंच नव्हतं. महाकंटक. डोक्यावर जाळीची गोल टोपी. दाढी आहे, मिशा नाहीत. थेट मैनुद्दीनचाचा — आतिफचे अब्बा! आम्हा दोघांना एका सायकलवर बसवून शाळेत सोडायचे, ते.

आम्ही गल्लीत वज्रपंख खेळायचो. मी कायम वज्रपंख. आतिफ कायम महाकंटक. कधी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, कधी पाळी बदलली नाही. शेवटी मी त्याला टॉवेलने विजेच्या खांबाला बांधायचो आणि पोरं टाळ्या वाजवायची. तो हसायचा. मला वाटायचं, त्याला आवडतं.

शाळेच्या नाटकात मला राजा व्हायचं होतं. बाईंनी आडनाव विचारलं आणि म्हणाल्या, "तू पडदा ओढ." ते मी आजवर विसरलो नाही. आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही!

आफरीनच्या हातात हा अंक कसा देऊ? तिचा आजाच आहे त्यात.

६ मे

आतिफचा फोन. "सापडलं का रे?" नाही म्हणालो. खोटं.

"शोध की लेका. पोरगी रोज इचारतीया, पदूचाचा कवा येनार म्हणून."

८ मे

प्रकाशकाला पत्र लिहिलं. तीन वेळा कच्चं, मग पक्कं. 'आपल्या चित्रकाराने लहान मुलांच्या मनात विष कालवले आहे.' आईला वाचून दाखवलं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आतिफला खांबाला बांद म्हणून त्या चित्रकारानं सांगितलं व्हतं व्हय रे तुला?"

पाकिटावर पत्ता लिहिला. शनिवारी टाकतो.

१० मे, शनिवार

आधी सात रस्त्याला गेलो, बिरप्पामामांच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर. म्हटलं, आफरीनला वज्रपंखचा दुसरा कुठला तरी अंक द्यावा. गठ्ठ्यात एकच निघाला — नववाच! जवळजवळ कोरा. उभ्या उभ्याच उघडला.

महाकंटक टकला आहे. टोपी नाही. दाढी नाही. गुळगुळीत.

मामांना विचारलं, ही दुसरी आवृत्ती आहे का?

"दुसरी कशाला काढत्यात बाबा? पयलीच खपली न्हाय."

घरी येऊन माझा अंक काढला. पान उलटून मागून बोट फिरवलं. जाळीचा एकेक चौकोन बोटाला लागला. बॉलपेन. पुढून छपाईच वाटते, इतकं नीट. दाढीचा केस न् केस वेगळा.

काढल्याचं आठवत नाही. पण हात माझाच. दुकानात मी रोज पुढाऱ्यांच्या मिशा दाट करून देतो. मालक म्हणतात, पदूचा हात लागलेला ओळखू येत नाही.

पूर्ण अंकात महाकंटकाची एकोणीस चित्रं आहेत. दोनदा मोजली. एकोणीसच्या एकोणीस चित्रांना टोपी आणि दाढी. एका चित्रात पाठमोरा उभा आहे, तिथेसुद्धा निदान टोपी. एकही सोडलं नाही मी.

पत्र फाडलं.

११ मे, रविवार

बिरप्पामामांकडचा अंक आफरीनला दिला. लगेच वाचत बसली. पाणी पिऊन आतिफला जिन्यात घेऊन आलो आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघता येईना.

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "शेजारीच बसलो व्हतो की. पेन माजा व्हता. आख्खी रिफिल संपवलीस."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू खेळायला घेतलं नसतंस."